समजण्याची जबाबदारी कुणाची?

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये १९७०च्या दशकात काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढपाच्या कामावर रुजू झाल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. या बायका तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत, असं त्यांच्या वरिष्ठांचं आणि जेवायला येणाऱ्या कार्गो कामगारांचं म्हणणं होतं. बायकांना वाटत होतं, की इथली माणसंच आपल्याशी फटकून वागतात. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी तिथलं बोलणं तपासलं, तेव्हा बायकांच्या तोंडी उद्धट म्हणावा असा एकही शब्द सापडला नाही. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला वर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणताना सूर वर नेई. आपल्याकडच्या बायका तोच शब्द सूर खाली आणत म्हणत. त्यांच्या दृष्टीने तो साधा, सभ्य प्रश्न होता. इंग्रज कानाला मात्र ‘हा रस्सा, घ्यायचा तर घ्या’ असं ऐकू येई. दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रण ऐकवून बोलतं केल्यावर गाठ सुटू लागली. बायकांना आपल्याविषयीची नाराजी कुठून येते ते कळलं आणि वरिष्ठांना कळलं, की आपण सुरावरून स्वभावाचा निकाल लावत होतो.

सगळे इंग्रजीच बोलत होते, तरी हे घडलं. माणसामाणसांतले, गटागटांतले आणि इंग्रजीच्या निरनिराळ्या रूपांतले फरक समजून घ्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नावर गेली साठेक वर्षं भाषाशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, शिक्षक आणि न्यायालयं झगडत आहेत. या काळात प्रश्नाचं रूप बदलत गेलं. आधी विचारलं जाई, ‘यांना नीट बोलता का येत नाही?’ मग विचारलं गेलं, ‘यांची बोलण्याची रीत काय आहे?’ आणि आता विचारलं जातंय, ‘आपण ऐकतो कसे?’ हा प्रवास समजून घेणं महाराष्ट्रातल्या वाचकालाही गरजेचं आहे, कारण इंग्रजीवरून माणसाची किंमत ठरवण्याचा उद्योग आपल्याकडेही रोज चालतो.

उणीव की वेगळेपण?

१९६०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत गरीब घरांतली मुलं शाळेत मागे का पडतात, याचं एक उत्तर फार लोकप्रिय होतं: त्यांच्या घरची भाषाच अपुरी आहे. लंडनचे समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांनी कामगारवर्गाच्या आणि मध्यमवर्गाच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या. आपल्या मांडणीचा अर्थ चुकीचा लावला जातोय, असं ते पुढे सांगत राहिले. पण ‘गरिबांची भाषा तोकडी’ हे सूत्र तोवर शिक्षणखात्यांत रुजलं होतं.

त्याला सडेतोड उत्तर दिलं अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी. १९६९च्या त्यांच्या निबंधात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हकीकत आहे. मुलाखतीत हा मुलगा एकेका शब्दात उत्तरं देई, नाहीतर गप्प बसे. चाचणीच्या कागदावर हे मूल मुकं ठरलं असतं. मग मुलाखत घेणाऱ्याने बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं आणली, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बोलावलं आणि स्वतः जमिनीवर बैठक मारली. तोच मुलगा आता भडाभडा बोलू लागला, मित्राला अडवू लागला, वाद घालू लागला. त्याच्याकडे भाषा पहिल्यापासून होतीच. परक्या मोठ्या माणसासमोर एकटं बसवल्यावर ती बाहेर येत नव्हती, इतकंच.

आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीला स्वतःचं काटेकोर व्याकरण आहे, हे पुढच्या संशोधनाने वारंवार दाखवलं. ‘ही बी वर्किंग’ हे वाक्य अनेकांना मोडकंतोडकं वाटतं. पण त्याचा अर्थ ‘तो आत्ता काम करतोय’ असा नाही, ‘तो नेहमी काम करत असतो’ असा आहे. मराठी माणसाला हा फरक सांगायलाच नको. आपण तो दिवसभर पाळतो. जॅनिस जॅक्सन यांनी लहान मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या पात्रांचं चित्र दाखवलं. कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात आहे आणि एल्मो बिस्किटं खातोय. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ विचारल्यावर सगळ्या मुलांनी एल्मो दाखवला. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ विचारल्यावर मात्र गोरी मुलं एल्मोवरच राहिली आणि कृष्णवर्णीय मुलं बहुतांशी कुकी मॉन्स्टरकडे वळली, कारण बिस्किटं खात असतो तो तोच. ‘चुकीचं इंग्रजी’ बोलणाऱ्या मुलांना इथे एक बारकावा कळत होता, जो बाकीच्यांच्या कानावरून निसटत होता.

हे ज्ञान वर्गापर्यंत नेताना मात्र फार त्रास झाला. १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी मुलांच्या घरच्या भाषेची दखल घेऊन वाचन शिकवता यावं, म्हणून शाळा-मंडळाने शिक्षकांना तिची माहिती द्यावी, असा निकाल दिला. १९९६च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा-मंडळाने असाच ठराव केला, तेव्हा देशभर गदारोळ उठला. मुलांना आता ‘गल्लीची भाषा’ शिकवणार, असा समज पसरला. ठरावाचा गाभा वेगळा होता: घरच्या भाषेचा आधार घेऊन प्रमाण इंग्रजी शिकवावी. १९९७च्या जानेवारीत अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीयदृष्ट्या आणि शिक्षणाच्या दृष्टीने योग्य ठरवलं. तरी लोकमत फारसं हललं नाही. पुरावा समोर ठेवला की पूर्वग्रह आपोआप गळून पडतो, असं मानणाऱ्यांनी ओकलंड विसरू नये.

गटाचं लेबल आणि आतला माणूस

प्रत्येक गटाची रीत वेगळी, हे कळल्यावर दुसरा धोका सुरू होतो: माणसाकडे फक्त गटाचा नमुना म्हणून पाहण्याचा. त्यावरचा उतारा लबॉव्ह यांच्याच आधीच्या कामात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथले काही लोक ‘राइट’ आणि ‘हाउस’ यांसारख्या शब्दांतले स्वर जुन्या, खास बेटाच्या ढंगाने उच्चारतात. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हा उच्चार सर्वांत ठळक होता तो उन्हाळी पर्यटकांच्या लोंढ्याला वैतागलेल्या आणि बेटावरच राहायचं ठरवलेल्या माणसांमध्ये. मुख्य भूमीवर निघून जायच्या बेतात असलेल्यांमध्ये तो क्षीण होता. बेट एकच, पिढी एकच, तरी उच्चार वेगळा, कारण तिथे राहण्याविषयीची ओढ वेगळी.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तीन दर्जांच्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये जाऊन विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारला. उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच येणार. त्यातला ‘र’ ऐकू येतो का, एवढंच टिपायचं होतं. महागड्या सॅक्समध्ये ६२ टक्के, मधल्या मेसीजमध्ये ५१ टक्के आणि स्वस्तातल्या क्लाइन्समध्ये २० टक्के विक्रेत्यांनी निदान काही वेळा तो उच्चारला. पण नीट ऐकू आलं नाही असं भासवून पुन्हा विचारल्यावर तोच माणूस जपून बोले आणि ‘र’चं प्रमाण वाढे. म्हणजे फरक जसा दोन गटांत असतो, तसाच एका माणसाच्या दोन वाक्यांतही असतो. इंग्लंडमध्ये नॉर्विच शहरात पीटर ट्रडगिल यांना पुरुषांची आणखी एक तऱ्हा दिसली. प्रत्यक्षात प्रमाण उच्चार करणारे काही पुरुष आपण तसं बोलत नाही, असं सांगत. कामगारी बोलण्यातल्या रांगडेपणाची त्यांना छुपी भुरळ होती.

परदेशी ग्राहकांशी काम करणाऱ्या कंपन्यांत नव्या माणसांना ‘जर्मन स्पष्ट बोलतात, भारतीय थेट नकार देत नाहीत’ अशा याद्या शिकवल्या जातात, त्या या दृष्टीने तपासायला हव्यात. अशी यादी पहिल्या दिवशी कदाचित उपयोगी पडेल. पण समोरची व्यक्ती त्या यादीतून बाहेर पडली की यादी सोडून द्यायची तयारी हवी. समूहाविषयीचं ज्ञान प्रश्न विचारायला मदत करतं. त्या माणसाविषयीचं उत्तर त्यात नसतं.

शब्दांपलीकडची रीत

उच्चार आणि व्याकरण यांच्यापेक्षाही फसवा थर आहे तो संभाषणाच्या रीतीचा. कधी बोलावं, किती थांबावं, मध्ये बोलणं म्हणजे आस्था की आगाऊपणा, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की ते शिकलो होतो हेच विसरतो. डेबोरा टॅनन यांनी १९७८ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणावेळी मित्रमंडळींतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं. न्यूयॉर्कचे लोक एकमेकांच्या वाक्यांवर वाक्यं टाकत बोलत, त्यांच्या लेखी तो रंगलेल्या गप्पांचा पुरावा होता. कॅलिफोर्नियाच्या मित्रांना आपल्याला तोंडच उघडू दिलं नाही असं वाटलं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

जेवणाच्या टेबलावर याची किंमत थोडी नाराजी एवढीच असते. न्यायालयात ती तुरुंगवास असू शकते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या इंग्रजीचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या डायना एड्स यांनी दाखवलं, की त्या समाजात माहिती मिळवायची तर थेट प्रश्नांचा भडिमार करत नाहीत. आधी आपल्याला ठाऊक असलेलं थोडं सांगायचं आणि वाट पाहायची. दीर्घ शांततेत काही वावगं नसतं. अधिकारी माणसाने दामटून विचारलं, तर प्रश्न पटला नसला किंवा कळला नसला तरी ‘हो’ म्हणून टाकलं जातं. उलटतपासणीत हे सगळं अंगाशी येतं. गप्प राहणं म्हणजे लपवाछपवी ठरते आणि ‘हो’ म्हणजे कबुली. म्हणूनच एड्स यांनी १९९२ साली वकिलांसाठी लिहिलेलं मार्गदर्शक पुस्तक महत्त्वाचं आहे. त्यात बदलाची अपेक्षा साक्षीदाराकडून नसून प्रश्न विचारणाऱ्याकडून केलेली आहे.

इंग्रजी कुणाची?

श्रीनगरला जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका-ऑस्ट्रेलियासारखे देश. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर असे देश, जिथे ती वसाहतीतून आली आणि मुरली. तिसऱ्या विस्तारत्या वर्तुळात चीन, जपान यांच्यासारखे देश. बाहेरच्या वर्तुळातल्या लोकांनी नियम नुसते उसने घ्यायचे नाहीत, तेही नियम घडवतात, हा त्यांचा आग्रह होता. ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांना हे धोक्याचं वाटलं. शिकणाऱ्याला जगात पुढे जायचं असतं, त्याला प्रमाण इंग्रजीच द्यायला हवी, अशी त्यांची भूमिका होती. १९९०-९१मध्ये झालेला हा वाद अजून मिटलेला नाही. सिंगापूरमध्ये तो सरकारी धोरणापर्यंत पोहोचला. २००० साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी चांगल्या इंग्रजीची मोहीम सुरू केली, आणि लोकांनी मात्र आपली ‘सिंग्लिश’ आपुलकीची खूण म्हणून जपली.

मला दोघांचंही एकेक म्हणणं सोडवत नाही. क्वर्क यांची चिंता खरी आहे, कारण ग्रामीण मुलाला प्रमाण रूपापासून दूर ठेवणं म्हणजे त्याच्यासाठी दारं बंद करणं. काचरूंचा मुद्दाही खरा आहे, कारण प्रमाण रूप शिकण्यासाठी आपल्या बोलण्याची लाज वाटायला लावायची काहीच गरज नाही. ‘प्रीपोन’ हा आपला शब्द इंग्रजी कोशांत गेला तो तर्कशुद्ध आणि सोयीचा होता म्हणून. इंग्रजी ‘टी’चा उच्चार आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधला. मराठी कानाने त्याला ‘ट’च्या घरात बसवलं. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना आपण एकच ‘व’ देतो. यांत आळस नाही, एका ध्वनिव्यवस्थेने दुसरीला दिलेला हा पद्धतशीर प्रतिसाद आहे.

कान काय करतात?

गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं काम ऐकणाऱ्यावर झालं. १९९२ साली डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. आवाज ओहायोच्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या बाईचा. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चारांची परकी धाटणी (ॲक्सेंट) ऐकू आली आणि त्यांच्या लक्षातही कमी राहिलं. आवाज एकच होता.

कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: धाटणी किती जाणवते, ऐकायला किती कष्ट पडतात आणि प्रत्यक्षात किती कळतं. ठळक धाटणीचं बोलणंही बऱ्याचदा पूर्ण कळतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘मला त्याचं इंग्रजी कळलं नाही’ या वाक्यात पुष्कळदा ‘मला ते आवडलं नाही’ मिसळलेलं असतं.

याचे परिणाम घर मिळण्यापासून सुरू होतात. जॉन बॉ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरमालकांना तीन वेगवेगळ्या धाटण्यांत एकच वाक्य बोलून फोन केले. गोऱ्या वस्त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन धाटणीला घर पाहायची वेळ कमी वेळा मिळाली. फिलाडेल्फियातल्या न्यायालयीन लघुलेखकांच्या प्रमाणपत्रासाठी ९५ टक्के अचूकता लागते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीतली वाक्यं दिली, तेव्हा जेमतेम ६० टक्के वाक्यं बरोबर उतरली. साक्षीदाराचं म्हणणं नोंदीतच बदलत असेल, तर न्याय कशावर उभा राहणार? यंत्रंही आपल्याकडूनच शिकतात. २०२० साली ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या बोलणं उतरवणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात दर शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका होत होत्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५.

आशेची बाजूही याच संशोधनात आहे. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ साली दाखवलं, की परक्या धाटणीची थोडी वाक्यं ऐकल्यावर, मिनिटभरातच, कान जुळवून घेऊ लागतो. ब्रॅडलो आणि बेंट यांच्या प्रयोगात एकाच धाटणीचे अनेक आवाज ऐकलेल्यांना त्या धाटणीचा नवा आवाजही सोपा गेला. ऐकणं शिकता येतं, आणि त्याला फार वेळही लागत नाही.

समजणं हे दोन्ही बाजूंचं काम असतं, हा धडा विमानवाहतुकीने मोठी किंमत मोजून घेतला. १९९०च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ एव्हिआंकाचं विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण गेले. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द वापरला नव्हता. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची हवेतच टक्कर होऊन ३४९ माणसं मेली. कझाक विमानातल्या कर्मचाऱ्यांचं अपुरं इंग्रजी हे त्यातलं एक कारण ठरलं. त्यानंतर विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने भाषेच्या पातळ्या आखल्या आणि २००८पासून लागू केल्या. त्यांत धाटणीला मज्जाव नाही. समजण्यात अडथळा येऊ नये, एवढी अट आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनीही सावकाश, ठरलेल्या शब्दांत, म्हणी टाळून बोलावं, अशी अपेक्षा त्यात आहे. जबाबदारी दोन्ही बाजूंना वाटून देणारी ही व्यवस्था मला बाकी क्षेत्रांसाठीही आदर्श वाटते.

आपल्या अंगणात

पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत ‘एमटीआय’ हा शब्द नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतो: मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. तो काढून टाकायचा दोष मानला जातो. ग्राहकाला कळावं म्हणून शब्दांवरचा आघात बदलायला शिकवणं योग्यच आहे, कारण भारतीय बोलण्यात अक्षरांवर जवळपास सारखा भार पडतो आणि ब्रिटिश-अमेरिकी कान आघातावरून शब्द ओळखतो. पण कळणं आणि गोऱ्यासारखं वाटणं ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत, आणि मुलांच्या आत्मविश्वासाचा बळी दुसऱ्यापायी जातो. कॅम्पस इंटरव्ह्यूत फाडफाड इंग्रजी बोलणारा हुशार ठरतो आणि सेमी-इंग्लिशमधून आलेली, विषय पक्का असलेली मुलगी ‘कम्युनिकेशन कमी’ या शेऱ्यावर मागे राहते. तो शेरा लिहिणाऱ्याने तिला किती मिनिटं ऐकलं, हे कोणी विचारत नाही.

हे आपण इंग्रजांकडून शिकलो असंही नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणं ही आपली घरचीच परंपरा. त्याच्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येणं हा नियम आहे, गफलत नाही. प्रमाण मराठी त्याला जरूर शिकवावी. त्याचं घर अशुद्ध आहे, असं मात्र शिकवू नये.

दुसरी परंपराही आपल्याच मातीत आहे. हीथ्रोवर काम केलेल्या गम्पर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडवर एक निबंध प्रसिद्ध केला. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. प्रत्येकाने घरात आपली भाषा ठेवली, शब्द आपले ठेवले. पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. जगभरच्या भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हे उदाहरण शिकवलं जातं. वेगळेपण न सोडताही माणसं एकमेकांसाठी भाषा वळवू शकतात, हे त्यातून सिद्ध होतं.

साठ वर्षांच्या या कामातून आपल्याला करता येण्यासारखं बरंच हाती लागतं. इंग्रजीच्या तासाला बीबीसीच्या आवाजाबरोबर नायजेरियाचा, सिंगापूरचा आणि नांदेडचाही आवाज ऐकवता येईल. मुलाखत घेणाऱ्यांना पहिल्या मिनिटातल्या मतावर शेरा लिहायला मनाई करता येईल. न्यायालयांत आणि दवाखान्यांत साक्षीदाराने, रुग्णाने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून खात्री करून घेता येईल. यंत्रं विकणाऱ्यांना ती कुणाकुणाच्या आवाजावर तपासली, हे विचारता येईल. यातल्या कशालाच मोठा खर्च लागत नाही. न कळलेल्या वाक्यामागे दोन शक्यता असतात: बोलणाऱ्याचं चुकलं असेल, किंवा आपलं ऐकणं कमी पडलं असेल. आजवर आपण पहिलीच गृहीत धरली आणि तिची किंमत नेहमी दुबळ्या बाजूने मोजली. दुसरी तपासल्याशिवाय कुणालाही नापास करायचं नाही, हा नियम अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने स्वतःला घालून घ्यायला हवा.